खोप्याच्या घाटाचं टांगतं शिल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच शिल्प धरलं आहे: ९० सेंटीमीटर उंच, पोटाशी ४५ सेंटीमीटर रुंद, सुगरणीच्या खोप्यासारखं. उत्तरं एकमेकांत गुंतली आहेत तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टांगतं शिल्प म्हणजे नक्की काय? आकाशकंदीलही टांगतोच की आपण.

कंदील उजेडासाठी असतो, त्याचा घाट उजेडाच्या सोयीनं ठरतो. शिल्पात घाट हीच बघायची गोष्ट, आणि ती चहूबाजूंनी व खालूनही दिसते. मिश्र माध्यम म्हणजे वेगवेगळ्या स्वभावाच्या वस्तू एका घाटात आणणं. इथे त्या तार, बांबू, कागद आणि वाख (घायपाताचे धागे) या आहेत. जैविक घाट म्हणजे बी, शेंग, भोपळा, वारूळ, खोपा अशा वाढत गेलेल्या गोष्टींची घडण, जी कंपास-पट्टीनं काढता येत नाही.

शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी दोराला गाठी मारत माणसाहून उंच शिल्पं घडवली. अमेरिकन शिल्पकार रूथ असावा यांनी १९४७ मध्ये मेक्सिकोतल्या तोलुका गावी तारेच्या टोपल्यांची वीण शिकून घेतली आणि पुढे त्याच विणीतून एकात एक गुंतलेले टांगते घाट केले. दोघींचंही काम बुरुडाच्या आणि दोर वळणाऱ्याच्या हातकामाजवळचं आहे, म्हणून आपल्याकडच्या माणसाला ते परकं वाटत नाही.

२. पहिल्यांदाच करतोय. सामान किती लागेल?

सांगाड्याच्या कड्यांसाठी १० गेजची (सव्वातीन मिलिमीटर) जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ५ मीटर, बांधायला २० गेजची जी.आय. तार १० मीटर. सव्वा मीटर लांब, ८ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड अशा बांबूच्या १० कामट्या. त्यांतल्या आठ लागतील, दोन मोडतील असं धरा. मोठ्या वर्तमानपत्राची पूर्ण उघडलेली १५ पानं, मैदा २०० ग्रॅम, वाख २५० ग्रॅम. टांगायला दीड मिलिमीटरची स्टीलची वायर दोरी ३ मीटर आणि एक भोवरकडी (स्विव्हल, म्हणजे जागच्या जागी फिरणारी कडी).

सुकल्यावर याचं वजन सव्वा ते दीड किलो भरतं. कागद ओला असताना ते किलोभर तरी जास्त असतं, आणि ज्या आकड्याला काम टांगलंय तो याच वेळी निसटतो. वजन मोजायचं ते ओल्या कामाचं.

याहून लहान, ३० सेंटीमीटरचं, सोपं जाईल असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट आहे. लहान वळणात कामटी वाकत नाही, तडकते.

३. बांबूला कीड लागून खाली पिठासारखी पूड पडते. काय करायचं?

कीड बांबूतल्या पिठूळ अंशावर जगते. कोवळ्या बांबूत तो जास्त, म्हणून तीन वर्षांहून जुना आणि पावसाळा सरल्यावर तोडलेला बांबू घ्या. गणपतीच्या दिवसांत मांडवासाठी येणारा हिरवा बांबू शिल्पाला नको.

तासलेल्या कामट्यांना टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरचं पाणी मुरवा: २० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार, ४०० ग्रॅम बोरिक पावडर. गरम पाण्यात विरघळवून मग थंड पाण्यात मिसळा. कामट्या पाच-सहा दिवस पूर्ण बुडालेल्या हव्यात; तरंगत असतील तर वर दगड ठेवा. नंतर सावलीत आठवडाभर वाळवा. उन्हात टाकल्या तर पीळ पडतो. अख्ख्या नळीला हे पाणी आत पोचत नाही, म्हणून आधी तासायचं, मग भिजवायचं. उरलेलं पाणी ओढ्यात किंवा जनावरांच्या दोणीत जाऊ देऊ नका.

४. वाख, कामट्या, तार कुठे मिळतात? दुकानात कानडीत काय मागायचं?

कामट्या बुरुडकाम करणाऱ्यांकडून तासूनच घ्या. हातानं तासलेली कामटी एका जाडीची येते, आणि वाकताना सगळा फरक तिथेच पडतो. कानडीत या कारागिरांना मेदार म्हणतात. बांबूला बिदिरू, वेताला बेत्त, तारेला तंती, दोरीला हग्ग, डिंक-गोंदाला अंटू. मेण मात्र दोन्हीकडे मेणच. वाख घायपाताचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला केकताड म्हणतात त्याचा. बाजारात दोरच मिळाला तर तो उकलून, पाण्यात भिजवून, विंचरून घ्या.

५. सांगाडा बांधायचा कसा?

आधी पाच कड्या. वरून खाली त्यांचे व्यास १४, ३०, ४५, ३४ आणि १६ सेंटीमीटर. तार कापताना व्यासाला ३.१४ नं गुणा आणि जोडासाठी ६ सेंटीमीटर जास्त ठेवा. ४५ च्या कडीला १४७ सेंटीमीटर तार लागते. जोड एकावर एक ठेवून २० गेजच्या तारेनं घट्ट गुंडाळा. तारेची कापलेली टोकं आतल्या बाजूला वळवा आणि त्यांवर ऑइल पेंटचा ठिपका द्या. जस्त कापल्या जागी नसतं, गंज तिथूनच सुरू होतो आणि दोन पावसाळ्यांत कागदावर तपकिरी डाग उमटतो.

आता काम टांगा. ४५ च्या कडीला समान अंतरावर तीन वायर दोऱ्या बांधून त्या वर एका भोवरकडीत आणा आणि छताच्या आकड्याला अडकवा. १४ ची कडी या तीन दोऱ्यांवर सगळ्यात वर, ३० ची तिच्याखाली २५ सेंटीमीटरवर, मोठी ५५ वर, ३४ ची ७५ वर, शेवटची ९० वर. खालच्या दोन कड्या तात्पुरत्या सुतळीनं लोंबू द्या. मग दोन-तीन तास पाण्यात भिजवलेल्या कामट्या वरून खाली, पाठीची (सालीची) बाजू बाहेर ठेवून, प्रत्येक कडीला फुलीच्या गाठीनं बांधा.

बहुतेकांची चूक अशी की सांगाडा जमिनीवर किंवा मांडीवर बांधतात आणि शेवटी टांगतात. जमिनीवर वजन खालून पेललं जातं, टांगल्यावर तेच वरून ओढलं जातं. बसवलेला गोल घाट टांगल्यावर लांबट होतो, जोड सरकतात, आणि तुम्ही ठरवलेलं पोट वर चढून छाती होते. टांगून बांधलं तर वजन स्वतःच घाट ठरवायला मदत करतं. वेलीवर लोंबणाऱ्या भोपळ्याचं पोटही खालीच असतं. या पानावरचं बाकी सगळं बदललंत तरी चालेल, हे मात्र बदलू नका.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक गाठ पुन्हा आवळा. ओली कामटी सुकताना आकसते आणि काल घट्ट असलेली गाठ आज सैल असते.

६. सगळं मापात केलं, तरी ते कंदिलासारखं दिसतं. खोपा वाटत नाही.

मापात केलं म्हणूनच. कामट्यांमधली अंतरं सारखी आणि कड्या पाण्याच्या पातळीत असल्या की डोळा लगेच यंत्र ओळखतो. मोठी कडी एका बाजूला ३–४ सेंटीमीटर खाली झुकू द्या. आठ कामट्यांपैकी तीन एका बाजूला जवळ घ्या, समोरच्या बाजूला मोकळी जागा सोडा.

दुसरं कारण कागदाचं. ओला कागद सुकताना ताणला जातो आणि दोन कामट्यांमध्ये सपाट पाट तयार होतो. तिथे कागद लावण्याआधी जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या आडव्या-तिडव्या बांधा, म्हणजे पोट फुगीर राहतं.

आणि खरा खोपा नीट बघा. उसाच्या फडाजवळच्या बाभळीवर किंवा विहिरीवर झुकलेल्या फांदीवर तो सापडतो. नाव सुगरण असलं तरी विणतो नर. गवताच्या, भाताच्या, उसाच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून तो फांदीला आधी गाठ घालतो, मग कडं करतो. कड्याच्या एका अंगाला अंड्यांची खोली फुगते, दुसऱ्या अंगानं खाली लांब नळी उतरते. म्हणजे खोप्याचा तोल मुळातच एका बाजूला असतो. वर फांदीपाशी वीण दाट, नळीच्या टोकाला विरळ होत जाते आणि पाती मोकळी लोंबतात. तुमच्या शिल्पातही वाख वर दाट आणि खाली मोकळा ठेवून बघा. एवढ्यानंच पुष्कळ फरक पडतो. नळी जोडणार असाल तर प्रश्न ११ आधी वाचा.

७. खळ कसली वापरू? आजोबा मोरचूद घालायचे.

१०० ग्रॅम मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, ७०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ओता, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. एवढी खळ दोन थरांना पुरते.

मोरचूद (कॉपर सल्फेट) बुकबाइंडिंगच्या खळीत घालत आले आहेत आणि किडीला तो खरोखर रोखतो. पण तारेच्या सांगाड्यावर तो घालू नका. मोरचुदातलं तांबं तारेवरचं जस्त खाऊन टाकतं, तार काळी पडते आणि मग गंजते. शिवाय तो विषारी आहे. त्याऐवजी एवढ्या खळीत चहाचा एक चमचा टाकणखार घाला.

आणखी एक सावधगिरी: टाकणखार घातलेली खळ आणि फेविकॉल एकत्र करू नका. मिश्रणाचा रबरासारखा गोळा होतो. फेविकॉल वापरायचाच तर त्यात टाकणखार नको आणि भिजवलेल्या कामट्या आधी ओल्या फडक्यानं पुसून वाळवा.

चिंचोक्याची खळ, जी घोंगडीला ताठपणा आणायला लावतात, ती वाख बसवायला मैद्याहून चांगली. चिंचोके भाजून, टरफल काढून, रात्रभर भिजवून वाटा आणि शिजवा. ती तपकिरी असते, म्हणून पांढऱ्या कागदावर नको.

८. कागदाचे थर किती आणि सुकायला किती वेळ?

चार थर. कागद कात्रीनं कापू नका, फाडा. फाटलेली कड पातळ असते आणि खालच्या थरात मिसळून जाते. ३ सेंटीमीटर रुंद, हातभर लांब पट्ट्या, एक थर उभा तर पुढचा आडवा, प्रत्येक पट्टी शेजारचीवर तिसरा हिस्सा चढलेली. दिवसाला एकच थर. हिवाळ्यात पंख्याखाली तो रात्रभरात सुकतो. वरून सुकल्यासारखा वाटला तरी गालाला लावून बघा; गार लागला तर आत ओल आहे. ओल्या थरावर दुसरा थर चढवला की आत बुरशी कोंडली जाते.

दिवाळी ते होळी हा या कामाचा हंगाम.

९. बाहेरून वाखाऐवजी काय लावता येईल?

बेळगावच्या शहापूर-वडगावकडे मागांवर ताणा संपताना सुताचे तुकडे उरतात, ते उत्तम. फक्त सूत आहे की पॉलिस्टर ते बघा: एक धागा चिमट्यात धरून जाळा. सूत जळून कागदासारखा वास आणि मऊ राख देतं. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो आणि त्याला खळ धरत नाही.

घोंगडीचे तुकडे आणि लोकर भारी दिसते, पण तिला कसर लागते, आणि चुन्याशी तिचं वैर आहे. चुन्याचा हात दिलेल्या भागाला लोकर चिकटवली तर ती ठिसूळ होऊन झडते. वाळल्या घोसाळ्याची जाळी आत-बाहेर दोन्हीकडे चालते: साल काढा, बिया झटका, उभी चिरून उलगडा. मातीचे भाजलेले मणी लावणार असाल तर ओवायचं भोक दोऱ्याच्या दुप्पट ठेवा, कारण माती वाळताना आणि भाजताना आकसते. मणी चिकटवू नका, दोरा सांगाड्याच्या तारेपर्यंत नेऊन बांधा. कागदाला चिकटवलेला मणी कागदाची कातडी घेऊनच खाली येतो.

१०. रंग कोणते टिकतात?

गेरू, पिवडी, काजळ: मातीचे आणि कोळशाचे रंग उजेडात टिकतात. हळद काही महिन्यांत उडते, खिडकीपाशी तर त्याहूनही लवकर. हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा गंज घालून होणारा काळा रंग वाखावर फार सुंदर बसतो, पण तो वर्षांनुवर्षं धागा कमजोर करतो. शोभेच्या मोकळ्या टोकांना वापरा, वजन पेलणाऱ्या दोऱ्याला नाही.

वरून चपडा लाखेचा हात: एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवून, गाळून, दोन पातळ हात. पावसाळी हवेत लावला तर पांढुरका पडतो. जवसाचं तेल वापरलंत तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. एकेक पसरून दोरीवर वाळवा.

११. टांगल्यावर तिरकं होतं. नाहीतर गरगर फिरत राहतं.

तिरकेपणा आधी मोजा. टांगायच्या बिंदूपासून ओळंबा सोडा; वजनाचा मध्य नेहमी त्या रेषेत येऊन थांबतो. नळी एका बाजूला असेल तर हिशेब असा: नळी २०० ग्रॅम, तिचा मध्य अक्षापासून १८ सेंटीमीटर बाहेर, नळीसकट पूर्ण वजन १६०० ग्रॅम. २०० गुणिले १८ भागिले १६०० म्हणजे सव्वादोन सेंटीमीटर. भोवरकडी नळीच्या बाजूला तेवढी सरकवा. तीन दोऱ्यांपैकी नळीकडची आखूड केली की ती आपसूक तिकडे सरकते. वजन न वाढवता काम होतं, म्हणून हाच उपाय आधी करा.

दोऱ्या बांधून टाकल्यात आणि सरकवता येत नसेल, तर समोरच्या भिंतीला आतून भार लावा. अक्षापासून १५ सेंटीमीटरवर असेल तर २४० ग्रॅम लागेल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओतकामाच्या भंगारातला बिडाचा तुकडा फडक्यात शिवून कडीला बांधा, कागदाला नाही.

फिरणं दोरामुळे होतं. पीळ असलेला दोर हवेतली ओल घेतो, सोडतो, आणि त्यासरशी पीळ घट्ट-सैल होतो. वायर दोरी आणि भोवरकडीनं ते बरंचसं थांबतं. अजिबात फिरू नये असं वाटत असेल तर एकाऐवजी दोन आकड्यांना टांगा. माशाच्या गळाची नायलॉन दोरी दिसत नाही म्हणून लोकांना आवडते, पण ती हळूहळू लांबते, उन्हात ठिसूळ होते आणि तिची गाठ घसरते.

१२. छताला आकडा कुठे मारायचा?

स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, वेष्टनावर दिलेल्या मापाचंच भोक पाडून. आकडा शिल्पाच्या वजनाच्या निदान पाचपट भार पेलणारा हवा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या खोट्या छताला काहीच टांगू नका; त्यातून आरपार जाऊन वरच्या स्लॅबला आकडा मारा.

कौलारू घरात तुळई किंवा आढं. रीप नको, वासाही जुना असेल तर नको. तुळईला भोक पाडण्यापेक्षा दोन वेढे दोर घालून त्यात कडी अडकवा. सोप्यात पाळण्याच्या जुन्या कड्या असतात, त्या शिल्पाला हव्या तेवढ्या भक्कम असतात. फक्त कडी आणि लाकूड दोन्ही ठोकून, आवाज ऐकून बघा. लाकूड भद्द वाजलं तर आतून पोखरलेलं आहे. पलंगावर, पाळण्यावर आणि चालत्या पंख्याच्या जवळ नको.

१३. पावसाळ्यात बुरशी येते. खानापूरकडे तर चार महिने ऊनच नसतं.

मृग लागण्याआधी उतरवा आणि जुन्या सुती चादरीत गुंडाळून चुलीच्या किंवा स्वयंपाकघराच्या बाजूच्या कोरड्या खोलीत टांगूनच ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, आत घाम धरतो. बुरशी आलीच तर मोकळ्या हवेत कोरड्या ब्रशानं झटका, तोंडाला फडकं बांधा, मग त्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवा. लाखेचा हात दिलेला असेल तर मात्र स्पिरिट लावू नका, लाख सुटते. तिथे कोरडा ब्रश आणि पंखाच. खाली पूड दिसली तर ती बुरशी नाही, प्रश्न ३ पाहा.

१४. आत दिवा लावू का?

३ ते ५ वॉटचा एलईडी चालेल. वर आणि खाली तोंड उघडं हवं, होल्डर मोठ्या कडीला तारेनं बांधलेला, कागदापासून निदान १० सेंटीमीटर लांब. वीज नेणाऱ्या वायरवर शिल्पाचं वजन अजिबात येता कामा नये. पणती, मेणबत्ती, जुना पिवळा बल्ब नाही. हे कागद, वाख आणि लाख आहे.

१५. खरा खोपाच शिल्पात बसवला तर?

नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना धक्का लावणं शिकारीतच मोजलं आहे, आणि झाडावरचा खोपा रिकामा आहे की नाही हे खालून कळत नाही. भीमगड अभयारण्यातून शेंगा, वेल, साली काहीही उचलू नका. आपल्या बांधावरची घोसाळी, शिरसाच्या शेंगा, सावरीची बोंडं एवढं सामान कुठल्याही शिल्पाला पुरतं.

१६. गोव्याला किंवा पुण्याला पाठवायचं आहे. चेपणार नाही असं कसं बांधू?

टांगूनच. शिल्पाहून चहूबाजूंनी ८ सेंटीमीटर मोठं खोकं घ्या, वरच्या कडांत एक बांबूची आडवी काठी खोवा आणि शिल्प तिला अडकवा. पोटाभोवती सुती कापडाचे चार सैल बोळे ठेवा, म्हणजे चोर्ला घाटाच्या वळणांवर ते खोक्याच्या भिंतीला आपटत नाही. आडवं ठेवून भोवती कागद ठासला तर सगळं वजन एका कामटीवर येतं. नळी सुटी करून वेगळी पाठवा. गोव्याच्या दमट हवेत पोचल्यावर एक-दोन दिवस कागद मऊ लागेल; त्या दिवसांत दोऱ्या आवळू नका.

१७. पडवीत टांगलेल्या शिल्पात पक्ष्यानं घरटं केलंय. आता काय करू?

शिंजीर आणि चिमणी दोघेही असं करतात; चिमणी विशेषतः नळीचं तोंड मोकळं असेल तर. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना लागतो. तोवर शिल्प हलवू नका, आत दिवा असेल तर बंद ठेवा, आणि भोवरकडी तारेनं बांधून फिरणं थांबवा. पावसाळ्यासाठी उतरवायची वेळ आली तरी थांबा. पडवीच्या बाजूला एक ताडपत्री बांधली की झड आत येत नाही. पिल्लं गेल्यावर आठवडाभरानं घरटं काढा, तोंडाला फडकं बांधून आतली काडी-पिसं झटका आणि एक दिवस उन्हात टांगा, कारण जुन्या घरट्यात गोचीड-पिसवा राहतात. पुढच्या वर्षी पक्षी नको असेल तर नळीच्या तोंडाला आतून घोसाळ्याच्या जाळीचा तुकडा बसवा.